एआय व्हिडिओ ‘सेव्ह’ करताना फाइलमध्ये काय लिहिलं जातं, आणि व्हॉट्सॲपवर येईपर्यंत ते कुठे जातं?

एआयने बनवलेल्या व्हिडिओवर स्पष्ट लेबल हवं, असा नियम देशात लागू झाला आहे. केंद्र सरकारने १० फेब्रुवारी २०२६ रोजी माहिती तंत्रज्ञान नियमांमधली दुरुस्ती अधिसूचित केली आणि २० फेब्रुवारीपासून ती अमलात आली. चर्चा झाली ती मुख्यतः दोन गोष्टींची. एक, डोळ्यांना दिसणारं लेबल. दुसरी, न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्यावर ३६ तासांऐवजी ३ तासांत मजकूर हटवण्याची अट.

याच नियमांत आणखी एक अट आहे आणि तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल तिथे अशा फाइलमध्ये कायमस्वरूपी मेटाडेटा असावा, म्हणजे फाइल कशी तयार झाली हे सांगणारी आतली नोंद असावी, आणि ती कुणी काढून टाकू नये, असं नियम सांगतो.

ही नोंद तयार होते ती एका अगदी साध्या क्षणी: सॉफ्टवेअर तयार झालेली फ्रेम हार्ड डिस्कवर लिहितं तेव्हा. तिथे काय लिहिलं गेलं आणि काय राहून गेलं, यावर पुढची सगळी तपासणी अवलंबून असते. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते आणि नियमाची अडचण कुठे आहे, ते समजून घेऊ.

फ्रेम म्हणजे काय आणि ती एवढी जड का?

व्हिडिओ म्हणजे एकामागून एक वेगाने दाखवलेली स्थिर चित्रं. त्यातलं प्रत्येक चित्र म्हणजे एक फ्रेम. संगणकासाठी मात्र फ्रेम म्हणजे आकड्यांचा तक्ता असतो.

फुल एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे लागतात. म्हणजे एका फ्रेमला साधारण ६.२ एमबी जागा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका सेकंदाला सुमारे १५५ एमबी आणि एका मिनिटाला ९.३ जीबी!

फोनवर काढलेला तेवढाच व्हिडिओ मात्र शे-दीडशे एमबीमध्ये मावतो. कारण फोन प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. मधूनमधून एक फ्रेम पूर्ण लिहितो आणि बाकीच्यांसाठी आधीच्या चित्रात काय बदललं, तेवढंच नोंदवतो. डोळ्यांना सहसा जाणवणार नाहीत असे रंगाचे बारकावेही गाळतो. यालाच कॉम्प्रेशन म्हणतात.

चौकोन जोडून व्हिडिओ कसा बनतो?

एआय व्हिडिओ बनवणारे सगळेच लोक वेबसाइटवर जाऊन चार ओळी टाइप करत नाहीत. यात मुरलेले अनेक जण स्वतःच्या संगणकावर चालणारी सॉफ्टवेअर वापरतात. त्यातलं एक लोकप्रिय नाव म्हणजे कम्फीयूआय. २०२३च्या सुरुवातीला आलेलं हे सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे.

यात कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते तारांनी जोडायचे. या चौकोनांना नोड म्हणतात. एक नोड एआय मॉडेल उघडतो, दुसरा तुम्ही लिहिलेली सूचना वाचतो, तिसरा चित्र घडवतो, चौथा त्याचे ठिपके तयार करतो आणि शेवटचा नोड ते डिस्कवर सेव्ह करतो. या संपूर्ण मांडणीला वर्कफ्लो म्हणतात.

ही पद्धत नवी नाही. प्रयोगशाळा आणि कारखान्यांत वापरलं जाणारं लॅबव्ह्यू १९८६ सालचं आहे. कार्यक्रमांच्या स्टेजमागे मोठ्या पडद्यांवर दिसणारी हलती दृश्यं अनेकदा टचडिझायनरमध्ये बनतात. चित्राच्या रूपातला प्रोग्रॅम ही कल्पना तीच आहे. फरक एवढाच की आता त्या चौकोनांत एआय मॉडेल आलं आहे.

‘प्रीव्ह्यू’ आणि ‘सेव्ह’ यात फरक काय?

नवख्यांची इथेच गफलत होते. पडद्यावर चित्र दिसलं म्हणजे ते जतन झालं, असं वाटतं. पण कम्फीयूआयमध्ये प्रीव्ह्यू आणि सेव्ह हे दोन वेगळे नोड आहेत. प्रीव्ह्यूचं चित्र तात्पुरत्या फोल्डरमध्ये जातं आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू झालं की ते फोल्डर रिकामं होतं. सेव्ह नोडने लिहिलेलं चित्र ‘आउटपुट’ फोल्डरमध्ये क्रमांकासह राहतं: ००००१, ००००२, ००००३.

म्हणजे काय टिकणार आणि काय पुसलं जाणार, हे शेवटी कोणता चौकोन जोडला यावर ठरतं. मधल्या टप्प्यांवरची चित्रंही कुणी मुद्दाम सेव्ह केल्याशिवाय उरत नाहीत. मूळ फोटो कोणता होता, चेहरा कोणत्या टप्प्यावर बदलला, हे नंतर शोधायचं म्हटलं तर त्या फ्रेम बहुतेकदा अस्तित्वातच नसतात.

सुटी चित्रं सेव्ह करायची की थेट एमपी-४?

प्रक्रिया झालेल्या फ्रेम डिस्कवर लिहिण्याचे मुख्य मार्ग दोन.

पहिला मार्ग म्हणजे प्रत्येक फ्रेमचं वेगळं पीएनजी चित्र. पीएनजी ठिपक्यांची माहिती गाळत नाही, त्यामुळे दर्जा टिकतो. वीज गेली किंवा सॉफ्टवेअर बंद पडलं, तरी तोवर लिहिलेल्या फ्रेम शाबूत राहतात आणि उरलेलं काम तिथून पुढे सुरू करता येतं. तोटा जागेचा.

दुसरा मार्ग म्हणजे थेट एमपी-४ फाइल. ती आटोपशीर असते, लगेच पाठवता येते. पण साध्या एमपी-४मध्ये कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, याची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. मधेच काम थांबलं तर ती लिहायची राहते आणि अख्खी फाइल उघडत नाही.

सेव्ह करताना आणखी एक गोष्ट नकळत घडते. उदाहरणार्थ, अलीबाबाचं वान २.१ हे खुलं मॉडेल साधारणपणे एका वेळी ८१ फ्रेम तयार करतं, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेमच्या हिशेबाने पाच सेकंदांचा व्हिडिओ. १२८० बाय ७२० आकाराच्या या ८१ फ्रेम कम्फीयूआयमध्ये मेमरीत असताना सुमारे ९०० एमबी जागा घेतात, कारण तिथे प्रत्येक रंगाची छटा दशांशातल्या मोठ्या आकड्याने मोजलेली असते. नेहमीच्या सेव्ह नोडने पीएनजी लिहिताना त्याच छटा ० ते २५५ या २५६ पायऱ्यांमध्ये बसवल्या जातात. एमपी-४ करताना त्यातलंही आणखी गळतं.

थोडक्यात, डिस्कवर पोहोचलेली फ्रेम ही आधीच मेमरीतल्या फ्रेमची थोडी सोपी केलेली प्रत असते. त्यातून तपासणाऱ्याच्या हाती लागतो तो व्हॉट्सॲपवरचा आणखी दाबलेला व्हिडिओ.

चित्राच्या आत लपलेली रेसिपी

लेबलच्या वादाशी थेट संबंध असलेली गोष्ट पुढे आहे.

कम्फीयूआयचा सेव्ह नोड पीएनजी लिहिताना फक्त ठिपके लिहीत नाही. त्याच फाइलमध्ये तो मजकुराच्या रूपात संपूर्ण वर्कफ्लोही लिहून ठेवतो. कोणतं मॉडेल वापरलं, काय सूचना दिली, कोणत्या नावाचा मूळ फोटो घेतला, कोणते नोड कसे जोडले, सुरुवातीचा यादृच्छिक आकडा कोणता होता, हे सगळं त्यात असतं.

ही फाइल पुन्हा कम्फीयूआयच्या खिडकीत ओढून टाकली की चौकोनांची पूर्ण मांडणी जशीच्या तशी समोर उभी राहते. केकसोबत त्याची पाककृती डब्यातच मिळावी, तसा हा प्रकार. एमपी-४ फाइलमध्येही अशी माहिती लिहिण्याची सोय आहे.

एआय चित्र कसं बनलं याचा एवढा तपशीलवार पुरावा क्वचितच मिळतो. डोळ्यांना दिसणारं ‘एआयनिर्मित’ हे लेबल फक्त निकाल सांगतं. ही नोंद पूर्ण प्रक्रिया सांगते.

मग ती नोंद जाते कुठे?

फाइल संगणकातून बाहेर पडली की नोंद गळायला लागते.

व्हॉट्सॲपवर पीएनजी फोटो म्हणून पाठवला की ॲप त्याचं नव्याने जेपीईजी करतं. ठिपके राहतात, आतला मजकूर राहत नाही. व्हिडिओचंही असंच: ॲप तो पुन्हा कॉम्प्रेस करून नवी फाइल बनवतं. एडिटिंग ॲपमध्ये क्लिप घेऊन त्यावर गाणं आणि मजकूर चढवला, तर एक्स्पोर्ट होणारी फाइल नवी असते. जुन्या फाइलमधली नोंद तिच्यात सहसा येत नाही. स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये तर काहीच मागे उरत नाही.

यात कुणाचा वाईट हेतू असायलाच हवा असं नाही. फाइल लहान करण्याची ही रोजची पद्धत आहे. फोटो कुठे काढला याची माहिती यामुळेच पुसली जाते आणि वापरकर्त्याचं ठिकाण उघड होत नाही, हा तिचा फायदाही आहे.

शिवाय ज्याला लपवायचंच आहे, त्याच्यासाठी काम आणखी सोपं. कम्फीयूआय सुरू करताना मेटाडेटा न लिहिण्याचा पर्याय देता येतो. लिहिलेली नोंद बदलताही येते, कारण तो साधा मजकूर असतो. म्हणून नोंद सापडली तर ती एक महत्त्वाची खूण आहे, अंतिम पुरावा नाही. आणि नोंद सापडली नाही, यावरून व्हिडिओ खरा आहे असं मुळीच सिद्ध होत नाही.

नियमाची अडचण नेमकी कुठे?

ऑक्टोबर २०२५मध्ये आलेल्या मसुद्यात लेबलने किमान १० टक्के जागा व्यापावी, असं म्हटलं होतं. अंतिम नियमांत ही टक्केवारी वगळली गेली. रंग सुधारणं, आवाजातली खरखर काढणं, कॉम्प्रेशन अशी चांगल्या हेतूने केलेली नेहमीची कामंही कक्षेबाहेर ठेवली आहेत. मोठ्या सोशल मीडिया कंपन्यांनी पोस्ट टाकणाऱ्याकडून ‘हे कृत्रिम आहे का’ याची घोषणा घ्यायची आहे आणि ती तांत्रिक उपायांनी तपासायचीही आहे.

पण हे नियम आहेत ते मध्यस्थांसाठी, म्हणजे सेवा पुरवणाऱ्या प्लॅटफॉर्मसाठी. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मधे कुणी सेवा पुरवठादार नसतो. तिथे नोंद ठेवायची की नाही, हे तो व्हिडिओ बनवणारा माणूसच ठरवतो. फाइल प्लॅटफॉर्मवर येते तेव्हा तिच्यावर दोन-तीन ॲपचे संस्कार होऊन गेलेले असतात. जी नोंद तपासायची, ती तोवर उरलेली नसते.

चीनने १ सप्टेंबर २०२५पासून दिसणारं लेबल आणि फाइलमधली न दिसणारी नोंद, दोन्ही सक्तीचं केलं आहे. नोंद गळण्याचा तांत्रिक प्रश्न मात्र तिथेही तोच आहे.

यावर उपाय काय आहेत?

सध्या दोन दिशांनी काम सुरू आहे.

एक म्हणजे सही केलेली नोंद. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, बीबीसी आदींनी २०२१मध्ये सीटूपीए नावाचा गट स्थापन केला. त्यांच्या पद्धतीत फाइलच्या नोंदीवर डिजिटल सही असते. कुणी मजकूर बदलला तर ते लगेच कळतं. पण नोंदच काढून टाकली, तर इथेही हाती काही राहत नाही.

दुसरी दिशा आहे न दिसणाऱ्या वॉटरमार्कची. गुगल डीपमाइंडने २०२३मध्ये जाहीर केलेलं सिंथआयडी ठिपक्यांमध्येच सूक्ष्म बदल करून खूण पेरतं. फाइल कापली किंवा कॉम्प्रेस केली तरी ती बऱ्याच अंशी टिकावी, असा तिचा उद्देश आहे. मात्र ही खूण ज्या कंपनीच्या साधनांत आहे, त्यातून बनलेल्या व्हिडिओंपुरतीच उपयोगी पडते.

लेबल लावणंही वाटतं तितकं सरळ नाही. मेटाने २०२४मध्ये फोटोंमधल्या नोंदी वाचून ‘मेड विथ एआय’ असं लेबल लावायला सुरुवात केली. फोटोतला किरकोळ डाग काढला तरी हे लेबल लागतं, अशी तक्रार छायाचित्रकारांनी केली. शेवटी मेटाने त्याचं ‘एआय इन्फो’ असं नामांतर केलं. साधन वापरलं हे नोंदीतून कळलं, पण किती आणि कशासाठी वापरलं, हे लेबलमध्ये मावलं नाही.

न्यायालय काय पाहतं?

मूळ फाइल आणि प्रक्रिया झालेली फाइल यातला फरक न्यायालयात कळीचा ठरतो.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीच्या न्यायालयासमोर एका हत्येच्या खटल्यात मोबाइलचा व्हिडिओ होता. बचाव पक्षाने तो एआय सॉफ्टवेअरने स्पष्ट करून आणला. मार्च २०२४मध्ये न्यायालयाने तो पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. असं सॉफ्टवेअर नसलेले ठिपके अंदाजाने भरतं आणि व्हिडिओ तपासणाऱ्या तज्ज्ञांमध्ये ही पद्धत मान्य नाही, हा त्यातला मुख्य मुद्दा होता.

भारतात या विषयावरचा एक महत्त्वाचा निकाल जालन्याच्या निवडणुकीतून आला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांनी कैलास गोरंट्याल यांच्यावर २९६ मतांनी विजय मिळवला. उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला का, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण हा त्यातला एक पुरावा होता. चित्रीकरणाच्या सीडी होत्या, पण त्यासोबतचं कायदेशीर प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नव्हतं.

मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७मध्ये ही निवड रद्द केली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, मात्र एक गोष्ट स्पष्ट केली: मूळ उपकरण सादर होत नसेल, तर इलेक्ट्रॉनिक प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. या प्रकरणात प्रमाणपत्र मिळवण्यासाठी शक्य ते सगळे प्रयत्न झाले होते आणि इतर पुरावेही होते, म्हणून निकाल टिकला.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये हे प्रमाणपत्र आणखी काटेकोर झालं आहे. त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा. एका फ्रेममधला एक ठिपका बदलला तरी हा ठसा पूर्ण बदलतो. त्यामुळे फोनमधला मूळ व्हिडिओ आणि व्हॉट्सॲपवरून आलेली त्याची प्रत दिसायला सारखी असली, तरी हॅशच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या फाइल असतात.

नोंद ठेवण्याची दुसरी बाजू

सगळ्या फाइलमध्ये सगळी नोंद असावी, असं म्हणणंही सोपं नाही.

वर्कफ्लोमध्ये मूळ फोटोच्या फाइलचं नाव असतं. त्या नावात एखाद्या ग्राहकाचं किंवा मुलाचं नाव असेल, तर फाइल जशीच्या तशी पाठवल्यावर तेही उघड होतं. स्वतःची पद्धत वर्षानुवर्षं घडवणाऱ्या कलाकारासाठी वर्कफ्लो हेच भांडवल असतं आणि एका पीएनजीबरोबर ते दुसऱ्याच्या हाती जातं. व्यंग्यचित्र किंवा राजकीय विडंबन करणाऱ्याला आपली ओळख लपवायची असू शकते, आणि त्यात बेकायदा काहीच नसतं.

म्हणजे फसवणूक पकडायला जी नोंद उपयोगी, तीच खासगीपणाला धोकाही ठरू शकते. ‘एआयचा वापर झाला आहे’ एवढं सांगणारी छोटी, सही केलेली नोंद सक्तीची आणि बाकीचा तपशील ऐच्छिक, असा मधला मार्ग तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. ‘कायमस्वरूपी मेटाडेटा’मध्ये नेमकं काय असावं, यावरची खरी चर्चा इथून सुरू व्हायला हवी.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

तुम्ही एआय व्हिडिओ बनवत असाल, तर मूळ पीएनजी फ्रेम किंवा पहिली सेव्ह केलेली फाइल जपून ठेवा. उद्या कुणी तुमच्या कामावर हक्क सांगितला किंवा आरोप केला, तर तीच तुमची साक्ष असेल. कुणाला मूळ फाइल पाठवायची असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. आणि पाठवण्याआधी आतल्या नोंदीत खासगी काही नाही ना, ते बघा.

तुमच्याविरुद्ध बनावट व्हिडिओ फिरत असेल, तर फक्त स्क्रीनशॉटवर थांबू नका. पोस्टची लिंक, वेळ आणि मिळेल ती मूळ फाइल जपा. फॉरवर्ड होत आलेल्या दहाव्या प्रतीपेक्षा पहिल्या प्रतीत माहिती उरलेली असण्याची शक्यता जास्त असते. राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक १९३० आहे. तो प्रामुख्याने आर्थिक फसवणुकीसाठी आहे, बाकी तक्रारी सायबर गुन्हे पोर्टलवर करता येतात.

आणि तुम्ही फक्त पाहणारे असाल, तर एवढं पुरे: लेबल नाही म्हणून व्हिडिओ खरा ठरत नाही. तो कुणी पहिल्यांदा टाकला, कधी टाकला, आणि त्याची मूळ फाइल कुणाकडे आहे का, हे प्रश्न फॉरवर्डचं बटण दाबण्याआधी विचारावे लागतील. नव्या नियमांमुळे प्लॅटफॉर्मवर दबाव येईल. पण ॲप जोवर फाइल लहान करताना तिची नोंदही फेकून देतात, तोवर ‘कायमस्वरूपी मेटाडेटा’ ही अट कागदावरच राहण्याची भीती आहे.